बंदूक, कॅमेरा आणि कान : ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्यांची साक्ष



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, की सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे ऑस्ट्रेलियातले पक्षी आणि त्यांचं चित्रीकरण मध्येच कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. पण तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण पहिल्या महिन्यात काय शिकवतो? प्रमाण. एखादी गोष्ट आहे, हे तुम्हाला कशावरून कळलं? प्रत्यक्ष पाहिलंत, अनुमान केलंत, की कुणी विश्वासू माणसाने सांगितलं? ऑस्ट्रेलियातल्या पक्षीनिरीक्षणाचा दोनशे वर्षांचा इतिहास माझ्या मते याच एका प्रश्नाचा इतिहास आहे. पक्षी आहे याचा पुरावा काय मानायचा, हे तिथे वेळोवेळी बदलत गेलं, आणि प्रत्येक बदलाची किंमत पक्ष्यांनी मोजली, किंवा फायदाही त्यांनाच झाला.

सुरुवात हंसापासून करू. युरोपात रोमन काळापासून काळा हंस म्हणजे अशक्य वस्तू. जुव्हेनल या रोमन कवीने दुर्मीळपणाचा दाखला द्यायला काळ्या हंसाचा उल्लेख केला आणि पुढची दीड हजार वर्षं तो वाक्प्रचार चालला. आपल्याकडेही हंस म्हटला की पांढराशुभ्रच, दूध आणि पाणी वेगळं करणारा. मग १६९७ च्या जानेवारीत विलेम डी व्लामिंग हा डच दर्यावर्दी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका नदीच्या मुखाशी पोचला. आज तिथे पर्थ शहर आहे. नदीत काळेकुळकुळीत हंस पोहत होते, एकदोन नव्हे, थवेच्या थवे. नदीचं नाव पडलं स्वान रिव्हर. पुढे जॉन स्टुअर्ट मिलने विगमनाची मर्यादा दाखवताना हाच हंस घेतला आणि विसाव्या शतकात कार्ल पॉपरनेही हंसाचंच उदाहरण वापरलं. कितीही पांढरे हंस पाहिले तरी 'सर्व हंस पांढरे असतात' हे सिद्ध होत नाही, एक काळा दिसला की ते विधान पडतं. आपले चार्वाक हेच म्हणत होते : व्याप्ती ठरवायची तर सगळी उदाहरणं पाहायला हवीत, आणि सगळी कोण पाहणार?

वर्गात मी हे उदाहरण कितीतरी वर्षं दिलं. पण त्यात एक बाजू सहसा राहून जाते. त्या नदीकाठी नूंगार लोक हजारो वर्षं राहत होते. त्यांना काळ्या हंसात नवल ते काय? अशक्य होता तो फक्त युरोपाला. म्हणजे 'शोध लागला' हे वाक्य बोलताना कुणाला लागला, हे विचारावं लागतं. हा धागा धरून ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

आता बंदुकीचा काळ. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीत जॉन गूल्ड नावाचा गृहस्थ पक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरायचं काम करत असे. हुशार आणि व्यवहारी माणूस. १८३८ साली तो पत्नी एलिझाबेथला घेऊन ऑस्ट्रेलियाला आला. तीन लहान मुलं इंग्लंडमध्येच ठेवून आले, ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत सांगतात, पण त्या आईची दोन वर्षं कशी गेली असतील याची कल्पना करा. त्यातून 'द बर्ड्स ऑफ ऑस्ट्रेलिया' हा सात खंडांचा, ६०० चित्रांचा ग्रंथ १८४० ते १८४८ या काळात प्रसिद्ध झाला. एलिझाबेथने त्यातली ८४ चित्रं केली आणि १८४१ मध्ये, आठव्या बाळंतपणानंतर, सदतिसाव्या वर्षी ती वारली. गूल्डचा मुख्य संग्राहक जॉन गिल्बर्ट. तो १८४५ मध्ये लुडविग लाइकहार्टच्या मोहिमेबरोबर केप यॉर्क भागात गेला असताना भाल्याच्या हल्ल्यात मारला गेला. ज्ञानासाठी माणसंही गेली, हे विसरायला नको.

पद्धत काय होती? पक्षी दिसला की गोळी घालायची, कातडं काढायचं, खूणचिठ्ठी बांधून लंडनला पाठवायचं. दुर्बिणी साध्या, कॅमेरे नाहीत, तेव्हा हातात आलेलं कातडं हेच प्रत्यक्ष प्रमाण. त्या काळाच्या मानाने त्यात गैर काही नव्हतं. शिवाय गूल्डने जिवंत पक्षीही नेले. १८४० मध्ये त्याने बजरीगर इंग्लंडला नेला आणि तो जगभर पिंजऱ्यात पोचला. आपल्याकडे घरोघरी 'लव्हबर्ड' म्हणून जे छोटे हिरवे-निळे पोपट पाळतात ना, ते बहुतेक वेळा हेच बजरीगर. त्याचं नावही गामिलराय या आदिवासी भाषेतून आलेलं आहे. म्हणजे ऑस्ट्रेलियातली एक आदिवासी भाषा आपल्या गल्लीतल्या पिंजऱ्यापर्यंत आलेली आहे, फक्त आपण तिला ओळखत नाही.

पण मेलेला पक्षी सगळं खरं सांगतो का? लायरबर्डचं उदाहरण घ्या. आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या ओल्या जंगलात राहणारा, कोंबड्याएवढा, तपकिरी पक्षी. नराची शेपटी सोळा पिसांची. बाहेरची दोन पिसं अशी वळलेली की ती उभी केली तर लायर या ग्रीक तंतुवाद्याचा आकार होतो. लंडनच्या संग्रहालयात पेंढा भरणाऱ्याने जिवंत पक्षी कधी पाहिलाच नव्हता. त्याने शेपटी मोरासारखी उभी केली. चित्रकारांनी ती तशीच काढली, तिकिटांवर आणि नाण्यांवर ती तशीच आली. प्रत्यक्षात नाचताना नर शेपटी पुढे डोक्यावर ओढून घेतो, चंदेरी बुरखा घेतल्यासारखी, आणि त्याखाली उभा राहून गातो. नमुना खरा होता, पिसं खरी होती, पण मांडणी खोटी. ती सुधारली ती जंगलात थंडीत तासन्‌तास बसून जिवंत पक्षी पाहणाऱ्यांनी, आणि नंतर कॅमेऱ्याने.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर बगळ्याचे तुरे लावायची फॅशन होती. हे तुरे फक्त विणीच्या काळात येतात. म्हणजे शिकारी बगळ्यांना मारणार ते नेमके घरट्यावर असताना. मागे पिल्लं उपाशी मरणार, हे हिशेबात धरलेलंच. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियात पक्षीअभ्यासकांची संघटना स्थापन झाली होती आणि 'इमू' हे तिचं नियतकालिक निघत होतं. या मंडळींपैकी ए. एच. ई. मॅटिंगली १९०६ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या मथूरा गावाजवळच्या बगळ्यांच्या वसाहतीत गेला. शिकारी येऊन गेले होते. झाडाखाली मेलेले बगळे, वर घरट्यात चोची वासून बसलेली पिल्लं. त्याने त्यांचे फोटो काढले. ते 'इमू'मध्ये छापून आले, तिथून लंडनला पोचले. तिथल्या पक्षीसंरक्षण संस्थेने १९११ मध्ये ते मोठे करून फलकांवर लावले आणि फलक गळ्यात अडकवलेली माणसं ऐन खरेदीच्या मोसमात लंडनच्या रस्त्यांवरून फिरवली. टोपी घेऊन दुकानातून बाहेर पडणाऱ्या बाईला समोर ते पिल्लू दिसत होतं.

कायदा लगेच झाला नाही. ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवर बंदी यायला १९२१ साल उजाडलं. गंमत म्हणजे हिंदुस्थानातून पक्ष्यांची कातडी आणि पिसं निर्यात करायला सरकारने १९०२ मध्येच बंदी घातली होती. माल पाठवणाऱ्या देशाने दार आधी बंद केलं, घेणाऱ्याने एकोणीस वर्षांनी. तरीपण मॅटिंगलीच्या फोटोंनी काय केलं ते नीट पाहा. पक्षी मरतात हे लोकांना आधीही माहीत होतं. लेख होते, भाषणं होती. पण ते अनुमान होतं. फोटोने ते प्रत्यक्ष केलं. माहीत असणं आणि डोळ्यांसमोर असणं, यांतलं अंतर त्या पाच-सहा चित्रांनी काढून टाकलं. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, व्हिक्टोरियात शाळकरी मुलांसाठी 'गूल्ड लीग' निघाली. पक्ष्यांची अंडी गोळा करणार नाही, अशी मुलं शपथ घेत. ज्याने हजारो पक्षी मारून ग्रंथ केला, त्याच्याच नावाने न मारण्याची शपथ! इतिहासात असं होतं, आणि त्याबद्दल कुरकुर करायचं कारण नाही.

मग कॅमेरा हा पक्ष्यांचा तारणहार म्हणायचा का? थांबा. पॅरडाइज पॅरट नावाचा एक पोपट होता. लाल, निळा, मोरपंखी. १८४४ मध्ये गिल्बर्टने तो क्वीन्सलंडमध्ये मिळवला आणि गूल्डने त्याला लॅटिनमध्ये 'अतिसुंदर' अशा अर्थाचं नाव दिलं. हा पोपट वाळवीच्या वारुळात घरटं करायचा आणि गवताचं बी खायचा. गुरं आली, गवत चरलं गेलं, आदिवासी लोक जमिनीला ज्या पद्धतीने थोडी थोडी आग लावत ती पद्धत मोडली, वर मोठा दुष्काळ पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो संपला असंच लोक समजले होते. सिरिल जेरार्ड या शेतकऱ्याला बर्नेट नदीच्या खोऱ्यात एक जोडी दिसली. १९२२ मध्ये लपणात बसून त्याने वारुळावर बसलेल्या त्या पक्ष्यांचे फोटो काढले. जिवंत पॅरडाइज पॅरटचे तेवढेच फोटो जगात आहेत. विसाचं दशक संपल्यानंतर त्याची एकही खात्रीची नोंद नाही.

इथे फोटोत कमी काय होतं? काहीच नाही. पुरावा निर्विवाद होता, छापूनही आला. पण बगळ्याच्या बाबतीत करायचं काम एका वाक्यात सांगता येत होतं : टोपी विकत घेऊ नका. पोपटाच्या बाबतीत बदलायला हवी होती ती चराईची, कुंपणाची, आगीची सगळी व्यवस्था. तेवढं कुणी बदललं नाही. तेव्हा प्रमाण मिळालं म्हणजे कर्तव्य पार पडलं, असं होत नाही. आज जो माणूस सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊन बुशमध्ये जातो, त्याने जेरार्डचा फोटो एकदा तरी पाहावा.

आता कानाकडे वळू. माझी मुलगी मेलबर्नला असते, त्यामुळे शहराच्या पूर्वेला डँडेनाँग डोंगररांगेतल्या शेरब्रुकच्या जंगलात मला जाता आलं. उंचच उंच निलगिरी, खाली छत्रीसारखे नेचे, आणि थंडी अशी की मफलरही अपुरा. लायरबर्ड तिथे जून ते ऑगस्ट, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, सर्वांत जास्त गातो. पक्षी दिसायच्या आधी पाच-सहा वेगवेगळे पक्षी ऐकू येतात, आणि मग कळतं की हे सगळे एकाच गळ्यातून येताहेत. १९३१ मध्ये याच जंगलातून त्याचं गाणं रेडिओवर थेट प्रक्षेपित झालं होतं. तारा, मायक्रोफोन, अवजड यंत्रं त्या चिखलातून नेऊन. आजही तिथली हौशी मंडळी पहाटे उठून आवाजावरून पक्ष्यांची मोजणी करतात.

या पक्ष्याची तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली फिल्म म्हणजे डेव्हिड अॅटनबरोंच्या १९९८ च्या मालिकेतली. त्यात लायरबर्ड कॅमेऱ्याच्या शटरचा आणि झाड कापणाऱ्या करवतीचा आवाज काढतो. ती पाहून जगाने निष्कर्ष काढला, की जंगलतोड इतकी वाढली की पक्षीसुद्धा करवतीसारखे ओरडू लागले. पण त्या चित्रीकरणातले दोन पक्षी प्राणिसंग्रहालयातले होते, माणसांच्या आवाजात वाढलेले. रानातला लायरबर्ड मुख्यतः दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. म्हणजे चित्र खरं, आवाज खरा, आणि अनुमान मात्र चुकलं. संग्रहालयातल्या शेपटीची गोष्ट आठवते ना? तंत्र बदललं तरी चुकीची जात तीच राहिली.

आणि हा पक्षी स्वतःही खोटी साक्ष देतो, बरं का! २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की मादी निघून जायला लागली की नर एका वेळी अनेक पक्ष्यांच्या घाबरलेल्या कल्लोळाची नक्कल करतो, जणू जवळपास शिकारी आला आहे. नैयायिकांनी आप्तवचनाची लक्षणं सांगितली तेव्हा असा बहुरूपी साक्षीदार त्यांच्या डोळ्यांसमोर नसणार.

युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांची तक्रार असे, की इथले पक्षी रंगीत आहेत पण गात नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या अभ्यासाने हे पार उलटं केलं. जगातल्या पक्ष्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात येतात आणि या गटाचा उगम ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा आहे. लायरबर्ड त्या वंशवृक्षाच्या अगदी जुन्या फांदीवर बसलेला आहे. म्हणजे आपला दयाळ, बुलबुल, शिंजीर, इतकंच काय कावळासुद्धा, त्या घराण्यातले. इंग्लंडचा नाइटिंगेलही तिथलाच वारस.

घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. रीजंट हनीइटर म्हणून एक काळा-पिवळा पक्षी आहे. पूर्वी त्याचे मोठे थवे असत. आता रानात तीनशेच्या आसपास उरले. तरुण नर गाणं शिकतो ते आजूबाजूच्या वयस्क नरांकडून, गुरुमुखी विद्येसारखं. गुरूच भेटेनासे झाले. २०२१ च्या अभ्यासात आढळलं, की सुमारे १२ टक्के नर आपलं गाणं विसरून भलत्याच जातीच्या पक्ष्यांची गाणी गातात. अशा नराला जोडीदार मिळणं अवघड होतं. मग सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या पिल्लांना रानात पूर्वी ध्वनिमुद्रित केलेली गाणी ऐकवली गेली, रानातले नरही शिक्षक म्हणून आणले गेले. कुणीतरी कधीकाळी हौसेने झाडाखाली मायक्रोफोन धरला होता, त्याचा असा उपयोग होईल हे त्याला तेव्हा काय ठाऊक?

आता तो सुरुवातीचा धागा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेतले आदिवासी सांगत आले आहेत, की काही शिकारी पक्षी जळती काडी उचलून न्यायचे आणि दुसरीकडे टाकून आग लावायचे, म्हणजे पळणारे किडे-सरडे पकडता येतात. बाहेरच्या अभ्यासकांनी ही बराच काळ दंतकथा मानली. २०१७ मध्ये अशा साक्षी एकत्र करून शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातला एक पक्षी म्हणजे काळी घार. तीच, जी आपल्या मासळीबाजारावर घिरट्या घालते, तीच जात. याचं निर्विवाद चित्रीकरण अजून हवं असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, आणि तसं म्हणणं त्यांचं काम आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या आगीजवळ राहिलेल्या माणसाचा शब्द हे प्रमाण नाही, आणि सहा महिने तंबूत राहिलेल्या पाहुण्याचं टिपण मात्र प्रमाण, हे तर्काला धरून आहे का?

नाइट पॅरटची गोष्ट यावर बोलकी आहे. वाळवंटातल्या काटेरी स्पिनिफेक्स गवतात राहणारा, रात्री बाहेर पडणारा हिरवा पोपट. १९१२ नंतर त्याचा ठोस पुरावा नाही. १९९० मध्ये क्वीन्सलंडमध्ये रस्त्याच्या कडेला एक मेलेला सापडला. २०१३ मध्ये जिवंत पक्ष्याचं पहिलं चित्रीकरण झालं. आणि २०२४ मध्ये पश्चिमेकडच्या ग्रेट सँडी वाळवंटातून बातमी आली : नुरुर्पा आदिवासी रक्षकांनी आपल्या जमिनीवर ध्वनिमुद्रण यंत्रं ठेवली, त्यांत या पोपटाचे आवाज मिळाले, आणि तिथे पन्नासपर्यंत पक्षी असावेत असा अंदाज निघाला. ठिकाणं निवडताना वाडवडलांचं ज्ञान कामाला आलं. डिंगो कुत्र्यांच्या विष्ठेत रानटी मांजरांचे अवशेष मिळाले, म्हणजे पोपटाच्या शत्रूला डिंगो खातो हेही कळलं. शब्द, अनुमान, प्रत्यक्ष, तिन्ही प्रमाणं एका जागी आली तेव्हा काम झालं.

आपल्याकडचा रानपिंगळा आठवा. १८८४ नंतर खरा नमुना नाही. ब्रिटिश अधिकारी माइनर्ट्झहागेनने १९१४ चा म्हणून गुजरातचा एक नमुना दाखवला होता, पण तो संग्रहालयातून चोरलेला, जुनाच, चिठ्ठी बदललेला निघाला. म्हणजे हातात धरलेलं कातडंसुद्धा खोटं बोललं. ते बाजूला काढल्यावर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना आपल्या खानदेशात, शहाद्याजवळ, पिंगळा जिवंत सापडला. आणि तिथल्या रानातल्या लोकांना तो रोज दिसत नसेल का?

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आज कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी. बंदूक गेली म्हणून आपण निरुपद्रवी झालो असं नाही. मोबाईलवर पक्ष्याचं गाणं वाजवलं की नर धावत येतो. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. तुमची फिल्म छान होते, त्याचा खाऊ शोधायचा वेळ जातो. माझ्यासमोर शेरब्रुकमध्ये एकाने असा आवाज लावला, तेव्हा वाटेवरच्या एका वृद्ध बाई त्याच्याजवळ गेल्या आणि इतकंच म्हणाल्या, "त्याला आज बरीच कामं आहेत हो." त्याने फोन खिशात टाकला. घरट्याजवळची पानं बाजूला सारली तर मागे तिकडचे करावाँग टपलेले असतात. आणि दुर्मीळ पक्ष्याचं ठिकाण जाहीर केलं की गर्दी येते. क्वीन्सलंडमधल्या नाइट पॅरटच्या राखीव जागेचा नेमका पत्ता म्हणूनच गुप्त ठेवला आहे.

ज्ञान उघडं असावं, असं आम्ही तत्त्वज्ञानवाले नेहमी म्हणतो. इथे मात्र काही काळ झाकून ठेवणं हेच योग्य ठरतं. हे मला मान्य करायला जड जातं, पण कारण स्पष्ट आहे. आपण ज्याच्या अस्तित्वाचा पुरावा शोधतोय, त्याला आपल्या पुराव्याची गरज नाही. त्याला गवत हवं, पोकळ खोड हवं, पहाटेचा निवांतपणा हवा. उद्या सकाळी तुम्ही ताम्हिणीला जा नाहीतर डँडेनाँगला, पाच मिनिटं कॅमेरा पिशवीत ठेवून नुसते उभे राहा आणि काय काय ऐकू येतं ते मोजा. मग खुशाल फिल्म काढा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.